एका डागाची कुळकथा

इतिहास म्हटला की वाचकांना गडकोट आठवतात. मला मात्र एका डागाच्या इतिहासाने झपाटले आहे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आर्थर उहलिर सिलिकॉनचे तुकडे हायड्रोफ्लोरिक आम्लात ठेवून, वीज सोडून गुळगुळीत करीत. कधी लकाकीऐवजी वर काळपट, तांबूस थर धरे. १९५६ साली त्यांनी ही नोंद छापली. डागाचे कौतुक कोणाला!

पुढे उलगडले की, अनारशाला पडते तशी ती जाळी होती. भोके मात्र मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याएवढी. १९९० साली इंग्लंडात ली कॅनहॅम यांनी ती जाळी लेसरच्या प्रकाशाखाली तांबडी उजळते हे दाखविले. मग २००९ साली सॅन डिएगोच्या मायकेल सेलर यांच्या गटाने तिचे कण उंदरांच्या शिरेत सोडले. त्यांच्या उजेडाने गाठ टिपता आली. नंतर कण विरघळून मूत्रावाटे गेले. भोकांत डॉक्सोरुबिसिन भरता येते, हेही त्यांनी दाखविले. कर्करोगावरचे हे औषध हृदयालाही इजा करते. ते गाठीपाशीच सुटावे, यासाठी हा सारा खटाटोप.

अर्थात उंदराला साधले ते माणसाला साधतेच असे नाही. ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांना मी हे आधी सांगतो.