टोचणी आणि विश्वास

दुधानें तोंड पोळलें कीं माणूस ताकही फुंकून पितो, अशी आपल्याकडे म्हण आहे. लस टोचण्याच्या शास्त्राचें मर्म तिच्यांत आहे. आणि प्लेगाच्या दिवसांत त्याच शास्त्राविषयीं लोकांच्या मनांत जो संशय बसला, त्याचें कारणही तिच्यांतच आहे.

शास्त्र प्रथम पाहूं. परका जंतु शरीरांत शिरला म्हणजे रक्तांतील कांहीं श्वेतपेशी त्याची ओळख पटवून त्याच्यावर नेमकीं बसणारीं प्रतिपिंडें निर्माण करितात. पहिल्या गांठीस ह्या तयारीला कित्येक दिवस लागतात, आणि तेवढ्या अवधींत रोगी दगावूं शकतो. जो वांचतो, त्याच्या शरीरांत मात्र त्या ओळखीची स्मृति जपणाऱ्या पेशी मागें राहतात. तोच शत्रु पुन्हां आला तर प्रतिकारास विलंब लागत नाहीं. लस ही स्मृति तोंड पोळल्यावांचून देते. जेन्नरनें १७९६ सालीं गाईच्या देवींची लस टोचून हेंच साधिलें. ती लस बगदाद व बसरा ह्या मार्गानें मुंबईस आली, आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला. तेव्हां वॉल्डेमार हाफकिन ह्या ओडेसाच्या जंतुशास्त्रज्ञानें ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगाचे जंतु वाढविले, ते उष्णतेनें मारिले, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगांतील स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांची पाळी आली. ही लस अभेद्य कवच नव्हती. परंतु टोचलेल्यांत रोग व मृत्यु दोन्ही कमी दिसले.

दोनच महिन्यांनीं पुण्यास निराळा प्रकार घडला. रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीनें गोऱ्या शिपायांकरवीं घरें तपासलीं. माजघर, देवघर हा भेद उरला नाहीं. रोग्यांना वेगळें ठेवणें शास्त्राला धरूनच होतें. पण ज्या रीतीनें तें झालें, ती लोकांस असह्य झाली. २२ जून रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनीं रँड व आयर्स्ट ह्यांजवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षीं १० मार्च रोजीं सावित्रीबाई फुले प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करितां करितां त्याच रोगानें निवर्तल्या. साथ एकच, शहर एकच. पण एकीच्या हाताला लोकांनीं आपलें मानिलें, दुसऱ्याच्या हाताला नाहीं.

समाजालाही स्मृति असते. सरकारी शिपायाविषयींचा रोष सरकारी डॉक्टराच्या सुईवर उतरला, यांत नवल नाहीं. त्यांत १९०२ सालीं पंजाबांतील मल्कोवाल येथें एका दूषित बाटलींतील लशीमुळें १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. दोष हाफकिनच्या माथीं आला, आणि तो निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडलें.

पुढें १९६६ सालीं पुण्यांतच सीरम इन्स्टिट्यूट निघाली, आणि जानेवारी २०२१ पासून कोविडची पुण्यांत तयार झालेली लस देशभर टोचली गेली. देवीचा रोग तर जगांतून नाहींसा झाल्याचें १९८० सालींच जाहीर झालें होतें. हें यश मोठें आहे. तथापि शरीराला शत्रूची ओळख लस करून देते, समाजाला मात्र लस देणाऱ्याची ओळख त्याच्या वर्तनावरूनच पटते. म्हणून ह्या शास्त्राचा इतिहास वाचतांना प्रयोगशाळेइतकेंच १८९७ सालच्या पुण्यांतील माजघराकडेही पाहिलें पाहिजे.