मुलीसाठी फुटबॉल क्लब निवडताना: पालकांसाठी मार्गदर्शन

ख्रिस्ती समाजाला फुटबॉल परका नाही. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला उपान्त्य फेरीत नेणारे नेव्हिल डिसोझा हे मुंबईचेच खेळाडू. वांद्र्याचे एक मैदान आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. मात्र दीर्घकाळ या खेळाचा वारसा मुलांकडेच राहिला. मुली मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या. आता चित्र बदलत आहे. २०२२ साली १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने नवी मुंबई, मडगाव व भुवनेश्वर येथे झाले. जुलै २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने थायलंडला नमवून २०२६ च्या आशियाई चषकात प्रवेश मिळवला. साहजिकच धर्मग्रामांतील अनेक मुली आता शाळेच्या संघावर समाधान न मानता स्पर्धात्मक क्लबमध्ये जाण्याचा हट्ट धरू लागल्या आहेत.

अशा वेळी पालकांनी काय पाहावे? क्लबच्या कपाटातील चषक मोजून निर्णय घेणे सोपे असते. परंतु मुलगी तिथे आठवड्यातील अनेक तास, तेही वाढीच्या वयात, घालवणार असते. म्हणून ती तिथे सुरक्षित राहील का, तिला प्रत्यक्ष खेळायला मिळेल का आणि खेळाची गोडी टिकेल का, हे तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत.

क्लब केव्हा आवश्यक?

दहा-बारा वर्षांपर्यंत मुलीला पुष्कळ खेळायला मिळणे महत्त्वाचे. स्पर्धेचा ताण नव्हे. या वयात लहान मैदानावर पाच किंवा सात जणींचे सामने उपयुक्त ठरतात, कारण प्रत्येकीच्या पायाला चेंडू वारंवार लागतो. लहान वयात मुलामुलींनी एकत्र खेळण्यातही वावगे काही नाही. त्यापुढे, मुलीची ओढ कायम असेल आणि शाळेत मुलींचा संघच नसेल, तर क्लबचा विचार जरूर करावा.

शाळेचा मार्ग मात्र कमी लेखू नये. सुब्रतो चषक या आंतरशालेय स्पर्धेत १७ वर्षांखालील मुलींचा स्वतंत्र गट आहे. राज्याच्या संघाची निवडही चाचणीतून होते. एखादा क्लब ‘आमच्याकडे आलात तरच निवड होईल’ असे सांगत असेल, तर त्या आश्वासनाकडे सावधपणे पाहावे. कोणत्याही प्रामाणिक क्लबला निवडीची हमी देता येत नाही.

नोंदणी व प्रशिक्षक

महाराष्ट्रात या खेळाचे नियमन १९११ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन करते. तिच्यावर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आहे. क्लब जिल्हा किंवा राज्य संघटनेशी संलग्न आहे का आणि मुलींचा संघ कोणत्या वयोगटात, कोणत्या स्पर्धेत उतरतो, हे लेखी विचारावे. फलकावर ‘अकादमी’ असे लिहिले म्हणजे संलग्नता मिळाली असे होत नाही. नोंदणीनंतर क्लब बदलायचा झाल्यास कोणत्या अटी लागू होतील, हेही सही करण्यापूर्वीच समजून घ्यावे.

प्रशिक्षकाकडे कोणता परवाना आहे, हे विचारण्यात संकोच नसावा. महासंघाच्या ‘डी’ परवान्यानंतर आशियाई महासंघाचे ‘सी’, ‘बी’, ‘ए’ व ‘प्रो’ असे टप्पे येतात. जाहिरातीत एका नामवंत प्रशिक्षकाचे नाव असते आणि मैदानावर दुसराच कोणी असतो. म्हणून आपल्या मुलीच्या गटाला रोज कोण शिकवणार, तेच विचारावे. मग पैसे भरण्याआधी दोन सराव आणि एक सामना शांतपणे पाहावा. चूक झाल्यावर प्रशिक्षक मुलीशी कसे बोलतो? राखीव मुलींना खेळवतो की त्या केवळ पाण्याच्या बाटल्या सांभाळतात? मुलींचा सराव ठरलेल्या वेळी होतो, की मुलांचा सराव संपल्यावर उरलेल्या अंधाऱ्या अर्ध्या तासात? या निरीक्षणातून क्लबचा खरा स्वभाव माहितीपत्रकापेक्षा अधिक कळतो.

वयाचा दाखला बदलून धाकट्या गटात खेळवण्याची सूचना कोणी केली, तर त्याच क्षणी तिथून बाहेर पडावे. खोटेपणाने मिळालेले पदक मुलीच्या गळ्यात घालून आपण तिला खोटेपणाच शिकवत असतो.

सुरक्षितता

या बाबतीत कोणतीही तडजोड नको. २०२२ साली १७ वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय संघाच्या युरोप दौऱ्यात सहायक प्रशिक्षकाविरुद्ध लैंगिक गैरवर्तनाची तक्रार झाली आणि त्याला पदावरून दूर करण्यात आले. सर्वोच्च स्तरावर असे घडू शकते, तर गल्लीतील क्लबविषयी निर्धास्त राहून कसे चालेल?

क्लबमध्ये किमान एक महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापिका असावी. कपडे बदलण्यासाठी स्वतंत्र, बंद होणारी खोली व स्वच्छ प्रसाधनगृह असावे. बाहेरगावच्या स्पर्धेसाठी मुलींसोबत महिला जबाबदार व्यक्ती असलीच पाहिजे. प्रशिक्षकाने एकट्या मुलीला वाहनातून नेऊ नये आणि पालकांना वगळून तिच्याशी रात्री-अपरात्री खासगी संदेशांची देवाणघेवाण करू नये. तक्रार कोणाकडे करायची, हे मुलीलाही ठाऊक असावे.

२०१२ चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला संरक्षण देतो. अशा गुन्ह्याची माहिती असताना ती पोलिसांपासून दडवणे हाही गुन्हा आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. क्लबच्या किंवा कोणाच्या नावलौकिकासाठी असे प्रकरण ‘आपसात मिटवणे’ ख्रिस्ती विवेकाला मान्य होणारे नाही. मुलीने काही सांगितले, तर आधी तिच्यावर विश्वास ठेवावा.

शरीराची निगा

गुडघ्यातील एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी अधिक असतो आणि तो वयात येताना वाढतो. यावर ‘फिफा ११ प्लस’ हा सुमारे वीस मिनिटांचा पूर्वव्यायाम उपलब्ध आहे. धावणे, तोल, स्नायूंची ताकद व उडी मारल्यावर योग्य रीतीने जमिनीवर उतरणे यांचा त्यात समावेश असतो. तो नियमित केल्याने दुखापती लक्षणीयरीत्या घटतात, असे अभ्यासांतून दिसले आहे. क्लब हा व्यायाम करून घेतो का, हा एक प्रश्न क्लबची पारख करायला बराच पुरेसा आहे. डोक्याने चेंडू मारण्याचा सराव लहान वयात टाळावा. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना तशी मनाई आहे.

दुसरी बाब रक्ताची. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. दमणारी मुलगी आळशीच असते असे नाही. हंगामाच्या प्रारंभी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. मासिक पाळीविषयी मुलीला प्रशिक्षकांशी किंवा व्यवस्थापिकेशी संकोचाविना बोलता यावे, असे वातावरण हवे.

खर्च, प्रवास आणि अभ्यास

मासिक शुल्काखेरीज गणवेश, बूट, स्पर्धा-प्रवेश, प्रवास व मुक्काम यांचा वर्षाचा एकत्रित अंदाज लेखी मागावा. आर्थिक अडचण असलेल्या मुलींना सवलत आहे का, हे विचारण्यात कमीपणा नाही. वसई-विरार पट्ट्यातून अंधेरी-वांद्र्याकडे लोकलने जाणाऱ्या मुलीचे दिवसाचे दोन-तीन तास प्रवासातच जातात. नामवंत पण दूरच्या क्लबपेक्षा जवळचा साधा क्लब पुष्कळदा हितकारक ठरतो. भावाच्या क्रिकेटसाठी जी घरे सहज खर्च करतात, त्यांनी बहिणीच्या फुटबॉलसाठीही तोच हिशेब लावावा. दहावीचे वर्ष आले की मुलीचा खेळ प्रथम बंद होतो. त्या वर्षी सराव कमी करण्याची मुभा क्लब देतो का, हे आधीच ठरवून घ्यावे.

रविवारचा प्रश्न

बहुतेक सामने रविवारी सकाळी असतात, आणि मिस्सा व धर्मशिक्षणही त्याच वेळी. रविवारची मिस्सा ही भाविकाची गंभीर जबाबदारी आहे. तथापि ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार, कलम १२४८, शनिवारी सायंकाळच्या मिस्सात सहभागी झाल्यानेही ती पूर्ण होते. रविवारची सायंकाळची मिस्साही काही ठिकाणी उपलब्ध असते. म्हणून हंगामाचे वेळापत्रक हाती येताच ते आपल्या धर्मगुरूंना व धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांना दाखवावे. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार किंवा दृढीकरणाच्या तयारीच्या वर्षी हे विशेष महत्त्वाचे. अडचण आधी सांगितली, तर मार्ग निघतो. गैरहजेरीची सवय लागल्यावर तो कठीण होतो. मैदानावर शिस्त पाळणाऱ्या मुलीला देवाच्या दिवसाची शिस्त जड वाटण्याचे कारण नाही.

शेवटी निर्णय कोणाचा?

पालकांचा आणि मुलीचा, दोघांचा. आपले अपुरे राहिलेले स्वप्न तिच्या पायांत घालू नये. दर हंगामाच्या शेवटी तिला एकच गोष्ट विचारावी: पुढच्या वर्षी तुला खेळायचे आहे का? उत्तर देताना ती पालकांच्या चेहऱ्याकडे पाहत असेल, तर थांबून विचार करावा.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, नवव्या अध्यायात, श्रद्धेच्या जीवनाला शर्यतीची उपमा दिली आहे. १ जून २०१८ रोजी व्हॅटिकनने खेळाविषयी स्वतंत्र दस्तऐवजही प्रसिद्ध केला. १५ जून २०२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, क्रीडापटूंच्या ज्युबिलीनिमित्त पोप लिओ चौदावे यांनी खेळ आपल्याला हरायलाही शिकवतो, याची आठवण करून दिली. ज्या क्लबमधून मुलगी हरल्यावरही ताठ मानेने घरी येते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट बांधते, तो क्लब योग्य निवडला, असे पालकांनी खुशाल समजावे.