पैसे घेऊन दिलेली साक्ष

गेल्या महिन्यात माझा भाचा मोबाइल घेऊन घरी आला. "मामू, हे काम खरं आहे का, जरा बघा ना." काम असे होते : दिलेल्या हॉटेलांना पाच तारे द्यायचे, दोन कौतुकाच्या ओळी लिहायच्या आणि दर अभिप्रायामागे पन्नास रुपये घ्यायचे. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरोखरच त्याच्या खात्यात आले. चौथ्या दिवशी निरोप आला की मोठे काम हवे असेल तर आधी पैसे भरा, दुपटीने परत मिळतील. तो माझ्याकडे आला तेव्हा आईच्या शिवणकामाचे नऊ हजार रुपये भरून झाले होते. म्हणजे तो विचारायला आला नव्हता. 'खरं आहे' एवढे माझ्या तोंडून ऐकायला आला होता.

त्याला काय उत्तर द्यावे याचा विचार करताना लक्षात आले की हा प्रश्न इंटरनेटच्या फार आधीचा आहे. पैसे घेऊन चांगले बोलणाऱ्याच्या बोलण्याची किंमत किती? इतिहास वाचणाऱ्याला तर रोज याच प्रश्नाशी झगडावे लागते, कारण आपल्याकडे उरलेला बराचसा जुना मजकूर पगारी माणसांनीच लिहिलेला आहे.

लांब कशाला जायचे? आमच्या बार्शीटाकळीत कालंका देवीचे जुने दगडी मंदिर आहे. इथला शके १०९८ चा, म्हणजे इ.स. ११७६-७७ च्या सुमाराचा शिलालेख हेमाद्रिदेव या राजाचा आहे. नावावरून अनेकांना हेमाडपंत आठवतो. पण यादवांचा मंत्री हेमाद्री त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी झाला. हा हेमाद्री वेगळा. त्या काळच्या राजलेखांची रीत ठरलेली असे. राजा शूर, शत्रू त्याच्यापुढे थरथर कापणारे, दान समुद्राएवढे. अशा लेखाला प्रशस्ती म्हणतात, आणि प्रशस्ती लिहिणारा कवी राजाच्या आश्रयाने जगणारा असे. मग इतिहासकार हे दगड फेकून देतात का? नाही. ते राजाचे नाव घेतात, वंश घेतात, शक घेतात, आणि शौर्याची विशेषणे बाजूला काढून ठेवतात. ज्या गोष्टीसाठी कवीला बिदागी मिळाली, तेवढ्याच गोष्टीवर त्याचा शब्द कच्चा धरायचा, हा पहिला नियम.

दुसरे उदाहरण दख्खनच्या सुलतानांचे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरला सय्यद अली तबातबा याने 'बुरहान-इ-मआसिर' हा फारसी इतिहास लिहिला, तो बुरहान निजामशाहासाठी. त्याच सुमारास विजापूरला मुहम्मद कासिम फिरिश्ता इब्राहीम आदिलशाहाच्या आश्रयाने लिहीत होता. त्याच्या ग्रंथाचे एक नाव 'गुलशन-इ-इब्राहिमी'. १५६५ साली सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पराभव केला. ही एकजूट घडवून आणली कोणी? तबातबाच्या मते हुसेन निजामशाहाने, फिरिश्ताच्या मते अली आदिलशाहाने. प्रत्येकाने श्रेय आपल्या धन्याच्या घराण्याला दिले! आपल्या वऱ्हाडची इमादशाही त्या लढाईपासून दूर राहिली आणि १५७४ मध्ये निजामशाहीने ती गिळली. तिची कहाणी आज आपण मुख्यतः अहमदनगर आणि विजापूरच्या या माणसांच्या लेखणीतूनच वाचतो. दुसऱ्याच्या पगारावरच्या लेखणीतून आपला इतिहास वाचावा लागणे म्हणजे काय, हे वऱ्हाडी माणसाला वेगळे सांगायला नको.

तरीही या दोघांच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. त्यांनी आपला धनी लपवला नाही. ग्रंथाच्या नावातच तो आहे. वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते की हे मीठ कोणाचे आहे, आणि त्या हिशेबाने तो वाचतो.

या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार मात्र दरबारात झाला नाही, हदीस जमवणाऱ्या विद्वानांमध्ये झाला. हदीस सांगण्याचा मोबदला घेणाऱ्या माणसाची हदीस स्वीकारावी का? इमाम अहमद बिन हंबल आणि इसहाक बिन राहवैह यांचे मत होते की स्वीकारू नये. पण अबू नुऐम फज्ल बिन दुकैन यांच्यासारखे मोठे रावी मोबदला घेत आणि तरीही विश्वासार्ह मानले गेले. पुढे अकराव्या शतकात बगदादच्या इब्न नक्कूर यांच्याकडे हदीस ऐकणाऱ्यांची इतकी गर्दी होई की त्यांना घरच्यांसाठी कमवायला वेळच उरत नसे. तेव्हा अबू इसहाक शीराजी यांनी त्यांना मोबदला घेण्याची परवानगी देणारा फतवा दिला. यातला भेद नीट पाहा. इब्न नक्कूर यांना पैसे मिळत ते वेळेचे. हदीसमध्ये काय सांगायचे हे पैसे देणारा ठरवत नव्हता. वर्तमानपत्र पुस्तकाच्या परीक्षकाला मानधन देते ते याच प्रकारात मोडते. स्तुती केली काय, झोडपले काय, मानधन तेवढेच. 'पाच तारे दिले तरच पन्नास रुपये' हा व्यवहार वेगळा आहे. तिथे वेळ विकला जात नाही, साक्ष विकली जाते.

अशा व्यवहाराला इस्लामी कायद्यात स्वतंत्र नावच आहे : नज्श. लिलावात माल घ्यायचा नसताना केवळ दुसऱ्याला भरीस पाडण्यासाठी बोली चढवणे म्हणजे नज्श. प्रेषितांनी (स.) ते मना केल्याचे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. विक्रेत्याशी संगनमत करून मालाची खोटी तारीफ करणेही फकीहांनी त्यातच धरले. आमच्याकडच्या बैलबाजारात फिरलेल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. शब्दाचा मूळ अर्थ मला फार बोलका वाटतो. नज्श म्हणजे शिकार उठवणे, रानातल्या हाकाऱ्याचे काम. हाकारा ओरडतो, जनावर पळते, आणि बंदूकवाला वेगळ्याच झाडाआड बसलेला असतो.

आता भाच्याच्या मोबाइलकडे वळू. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक जाहीर केले. विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत असे त्यात सांगितले आहे, पण ते आले तेव्हा ऐच्छिकच होते. अमेरिकेत २०२४ मध्ये खोट्या अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर दंडाचा नियमच झाला. म्हणजे हा धंदा सरकारांनाही खोटाच वाटतो. त्याहून वाईट म्हणजे अनेकदा हा धंदासुद्धा नसतो, केवळ आमिष असते. आधी थोडे पैसे द्यायचे, विश्वास बसवायचा, मग 'अनामत' मागायची, मग अडकलेली रक्कम सोडवण्यासाठी आणखी मागायची. काम देणारा कामगाराकडूनच आगाऊ पैसे मागतो, तिथे थांबावे. यापेक्षा सोपी खूण नाही.

मी भाच्याला हे सगळे सांगितले. एक रुपयाही आणखी भरायचा नाही असे बजावले आणि त्याच्याबरोबर बसून सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. मग त्याला विचारले, "ज्या हॉटेलांना पाच तारे दिलेस, त्यांतलं एक तरी पाहिलं आहेस का?" तो खाली बघत राहिला. "तुझ्या दोन ओळी वाचून कोणी बायकापोरांना घेऊन तिथं उतरला असेल तर?"

"मामू, माझेच पैसे गेले ना. मी कोणाला फसवलं?"

फसवले होते. दीडशे रुपयांत तो हाकारा झाला होता आणि नऊ हजारांत शिकार. एकच माणूस, चार दिवसांत दोन्ही. खोट्या साक्षीला मोठ्या पापांत गणले आहे ते उगाच नाही. जो स्वतःचा शब्द विकतो, त्याला समोरच्याचा विकलेला शब्द ओळखू येईनासा होतो. पहिल्या दिवशी आपण खोटे लिहीत आहोत हे भाच्याला ठाऊक होते. तरी ते खोटे लिहायला लावणारा आपल्याशी मात्र खरे बोलत असेल, असे त्याने धरून चालले.

रात्री बसून त्याने ते सगळे अभिप्राय शोधून पुसून टाकले. नऊ हजार अजून आलेले नाहीत. आईने शिवणयंत्र पुन्हा चालू केले आहे, आणि तो सकाळी तिचे कपडे गिऱ्हाइकांकडे पोचवून येतो.