भिंतीवरची वेल आणि तिच्यामागची तार

मे महिन्यात इंग्लंडमधल्या कुठल्याही जुन्या उपनगरातून चालत गेलात तर दोन-चार दारांवर फिकट गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांनी लगडलेली एक वेल दिसतेच. जुलैमध्ये तिचीच गडद जांभळी बहीण फुलते. दोघीही क्लेमॅटिस. पोस्टकार्डावर, बिस्किटांच्या डब्यांवर ‘इंग्लिश कॉटेज’ म्हणून जे चित्र असतं त्यात दाराच्या कमानीवर हमखास हीच असते. आपल्यालाही ती अस्सल इथलीच वाटते.

मलाही वाटायची. मग मी भाड्याच्या घरात एक रोप लावलं. भिंतीला खिळा मारायचा नाही अशी घरमालकाची अट होती, म्हणून मनगटाएवढा जाड बांबू रोवला आणि वेल त्याच्या पायाशी सोडली. महिनाभरात तिचा जमिनीवर गुंता झाला. बांबूला तिने हातही लावला नाही. बांबूचं काय चुकलं ते शोधता शोधता मी थेट 1860च्या दशकात, केंटमधल्या एका आजारी माणसाच्या खोलीत जाऊन पोचलो.

तो माणूस चार्ल्स डार्विन. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ 1859 मध्ये येऊन गेलं होतं. तब्येत इतकी ढासळलेली की दिवसच्या दिवस खोलीत काढावे लागत. हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी 1858 मध्ये वेलींच्या तणाव्यांवर एक छोटं टिपण लिहिलं होतं. तणावे म्हणजे कारल्या-काकडीला येतात ते स्प्रिंगसारखे धागे. ते वाचून डार्विनला नाद लागला. त्याने कुंड्या खोलीत आणून ठेवल्या आणि वेलीचा शेंडा तासातासाला कुठे वळतो ते टिपायला सुरुवात केली. त्यातून 1865 मध्ये लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा दीर्घ निबंध आला आणि 1875 मध्ये त्याचं पुस्तक झालं.

त्याने वेलींचे गट पाडले. वालासारख्या काही वेली अख्ख्या खोडानेच काठीला वेढे घालतात. आयव्ही मुळांनी भिंतीला चिकटते, जसा आपला मनीप्लँट. द्राक्ष, कारलं तणाव्यांनी पकडतात. आणि क्लेमॅटिस चढते पानाच्या देठाने. शेंडा हवेत सावकाश गोल फिरत राहतो. फिरता फिरता कोवळा देठ कशाला तरी टेकतो आणि टेकलेल्या बाजूकडे वाकायला लागतो. पुढे गाठ मारल्यासारखा त्याला वेढा पडतो आणि तो देठ हळूहळू कडक होतो. डार्विनने देठांवर सुताचे हलके फास अडकवून पाहिले. सुमारे 4 मिलिग्रॅम वजनाच्या फासानेही देठ वाकल्याची त्याची नोंद आहे. तांदळाच्या एका दाण्याच्या साधारण पाचव्या भागाएवढं हे वजन!

माझ्या बांबूचं उत्तर इथे मिळालं. देठाची लांबी जेमतेम काही सेंटिमीटर. बोटापेक्षा जाड वस्तूभोवती त्याचा वेढा पुराच होत नाही. सपाट विटांच्या भिंतीवर तर पकडायला काहीच नाही. म्हणजे क्लेमॅटिस भिंतीवर आपली आपण चढतच नाही. त्या पोस्टकार्डातल्या प्रत्येक वेलीमागे कुणीतरी बांधलेली तार, जाळी किंवा सुतळी असते. फुलांनी झाकली गेल्यामुळे ती आपल्याला दिसत नाही, एवढंच.

डार्विनने तपासलेल्या जातींमध्ये एक होती क्लेमॅटिस मोंटाना, म्हणजे मे महिन्यात फुलणारी. ही मूळची हिमालयातली. फ्रान्सिस बुकॅनन (पुढे हॅमिल्टन) हा कंपनीचा डॉक्टर 1802-03 मध्ये नेपाळात होता. तिच्या शास्त्रीय नावाशी त्याचं नाव जोडलेलं आहे. इंग्लंडात ती 1831 साली लेडी सारा ॲमहर्स्ट यांच्यामार्फत आली असं बागकामाची पुस्तकं सांगतात. त्यांचे पती विल्यम ॲमहर्स्ट 1823 ते 1828 गव्हर्नर जनरल होते, आणि 1827 चा उन्हाळा त्यांनी सिमल्यात काढला होता. लेडी ॲमहर्स्ट यांना वनस्पतींची खरी आवड होती, यात शंका नाही. पण डोंगरातली वेल दाखवणारा वाटाड्या, बी गोळा करून वाळवणारा माळी, पेटारे वाहणारे हमाल यांचं काय? वेलीच्या कहाणीत त्यांची नावं येत नाहीत.

जांभळ्या बहिणीची कहाणी आणखी लांबून येते. रॉबर्ट फॉर्च्यून नावाचा स्कॉटिश माळी 1848 ते 1851 दरम्यान ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमध्ये हिंडत होता. काम होतं चहाची रोपं, बिया आणि कारागीर मिळवून भारतात पाठवायचं. हिमालयाच्या पायथ्याशी चहाची लागवड वाढली त्यात या फेरीचा वाटा आहे. त्याच सुमारास, 1850 च्या आसपास, निंगबो शहराजवळच्या टेकड्यांवर त्याला मोठ्या फिकट निळ्या फुलांची क्लेमॅटिस लॅन्युजिनोसा सापडली. ज्या प्रवासाने आपल्या सकाळच्या कपात चहा आला, त्याच प्रवासाने इंग्लंडच्या दारावर ही फुलं आली.

सरेमधल्या वोकिंग इथे जॅकमन कुटुंबाची रोपवाटिका होती. तिथे 1858 मध्ये या चिनी वेलीचा दक्षिण युरोपातल्या विटिसेला जातीच्या गोतावळ्याशी संकर केला गेला. 1862 मध्ये पहिली फुलं आली, 1863 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ती गाजली. नाव पडलं ‘जॅकमनी’. आजही नर्सरीत लेबलावर हेच नाव दिसेल. जॅकमनने थॉमस मूर यांच्यासोबत 1872 मध्ये क्लेमॅटिसवर पुस्तक लिहिलं आणि वेलीचं वेडच लागलं.

मग प्रश्न आला तोच: चढवायची कशी? त्या काळी माळी कापडाच्या चिंध्या घेत, फांदीभोवती चिंधी गुंडाळून तिची दोन्ही टोकं खिळ्याने विटांच्या सांध्यात ठोकत. दरवर्षी छाटणीनंतर खिळे उपटायचे, पुन्हा ठोकायचे. थंडीत बोटं बधिर होत आणि भिंतीचा चुना ढिला होई. पुढे जस्ताचा मुलामा दिलेली तार स्वस्त झाली आणि काम सोपं झालं: भिंतीत डोळ्यासारखं भोक असलेले खिळे बसवायचे आणि त्यातून तार ओवायची. आजचा सल्लाही तोच आहे. तारा उभ्या-आडव्या, एकमेकींपासून 30 ते 45 सेंटिमीटर अंतरावर, आणि भिंतीपासून साधारण 5 सेंटिमीटर पुढे, म्हणजे देठाला मागून वळायला जागा मिळते आणि हवा खेळती राहते.

वेड मात्र टिकलं नाही. शतकाच्या अखेरीस मोठ्या फुलांच्या वेली एका रात्रीत माना टाकायला लागल्या. विल्यम रॉबिन्सन या बागकाम लेखकाने दोष कलमांना दिला; रोपवाटिका रानटी जातीच्या मुळांवर कलमं बांधत, ते त्याला मान्य नव्हतं. 1912 मध्ये त्याने यावर छोटं पुस्तकच काढलं. 1915 मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासातून एका बुरशीवर बोट ठेवलं गेलं. खोडाला जखम झाली की या बुरशीचं फावतं. वाऱ्याने हेलकावणारी, नीट न बांधलेली वेल म्हणूनच आधी जाते. आजही मोठ्या फुलांचं रोप कुंडीतल्यापेक्षा 5-8 सेंटिमीटर खोल लावतात, म्हणजे वरचं खोड गेलं तरी मातीखालच्या डोळ्यांतून नवे फुटवे येतात.

रॉबिन्सनचं आणखी एक म्हणणं मला पटतं. त्याच्या मते वेलीला भिंतीवर ताणून बसवण्यापेक्षा झुडपांतून मोकळं सोडावं. सह्याद्रीत पावसाळा संपताना फिरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडची मोरवेल क्लेमॅटिसच आहे. कुंपणाच्या काट्याकुट्यांवर ती पांढऱ्या फुलांनी पसरते, मग पिसांसारख्या शेपट्यांच्या बिया धरते. तिला तार लागत नाही, कारण झुडपाच्या काटक्या अगदी देठाच्या मापाच्या असतात.

माझा बांबू मी काढला नाही. त्याच्याभोवती मासेमारीची जुनी जाळी गुंडाळली आणि पहिले चार-पाच शेंडे सुतळीने सैल बांधले. दहा दिवसांत देठांनी जाळीचे दोरे पकडले आणि वेल मांडवाला गेली.

पुढच्या वेळी अशी फुललेली कमान दिसली, तर फोटो काढून झाल्यावर जरा जवळ जा आणि पानं बाजूला करून मागे बघा. कुणीतरी गुडघ्यावर बसून, वरपर्यंत शिडी लावून ती तार बांधलेली असते. वेलीच्या लेबलावर जॅकमनचं नाव आहे. तार बांधणाऱ्याचं नाव कुठेही सापडणार नाही.