माळवद, पाणचक्की आणि गच्चीवरची बाग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या शहरात एखाद्या उंच इमारतीवरून सहज खाली नजर टाकली, तर सिमेंटच्या राखाडी गच्च्यांमधून अधूनमधून एखादी हिरवी गच्ची दिसते. कोणी रंगाच्या रिकाम्या डब्यांत कढीपत्ता लावलेला असतो, कोणी जुन्या टबात पालक, तर कोणी हौसेने हिरवळच अंथरलेली असते. याला आपण नवी टूम म्हणतो. परदेशातून आलेली कल्पना म्हणून तिचे कौतुकही होते. मला मात्र असे वाटते की, छपरावर माती आणि छपरावर पाणी या दोन्ही गोष्टी मराठवाड्यातल्या माणसाला जितक्या जुन्या ओळखीच्या आहेत, तितक्या फार थोड्यांना असतील. त्या ओळखीत जे शहाणपण होते आणि जो धोकाही होता, तो आपण विसरत चाललो आहोत. आजचे बोलणे त्याविषयी आहे.

आधी मातीचे पाहू. ज्यांचे बालपण खेड्यात गेले, त्यांना माळवद सांगायला नको. जाड भिंती, आत सागवानी किंवा बाभळीचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, त्यावर लाकडी पट्ट्या आणि पाला-चिपाडांचा थर, आणि या सगळ्यावर चांगली हात-दीड हात माती. ही माती शेतातली काळी चालत नसे. काळी माती पावसाने फुगते, उन्हाने भेगाळते आणि भेगेतून पाणी थेट घरात येते. माळवदाला पांढरी लागते. गावाच्या जुन्या पांढरीतली किंवा पडक्या गढीची ती चिकट, बारीक माती धोपटून बसवली, की पाणी वरून वाहून जाते. कडेला पन्हळ, मध्ये उजेडासाठी साणे. वैशाख सरला की बायामाणसे पाट्या भरभरून माळवदावर माती चढवत आणि चोपून काढत. श्रावणात तिच्यावर आपोआप गवत उगवे. कुणी मुद्दाम पेरलेले नसे, पण पाहिले तर ती छपरावरची बागच होती. एखादी चुकार शेळी जिन्याने वर जाऊन ते खाऊन येई. खाली ज्येष्ठाच्या उन्हातही घर थंड राही. मातीच्या जाड थराला तापायला दिवसभर लागे, आणि तो तापेपर्यंत सूर्य मावळलेला असे.

आज जगभर छतबागेचे जे फायदे सांगतात, घर थंड राहते, पावसाचे पाणी थोपते, ते सगळे या माळवदात होते. पण हिशेबाची दुसरी बाजूही होती. दरवर्षी वरून माती पडे, खालची कोणी काढत नसे. थर वाढत वाढत दीड-दोन फुटांवर जाई. एक घनफूट कोरडी, चोपलेली माती साधारण ४५ किलो भरते. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट मातीचे ओझे साडेसहा-सात टन झाले. पावसात ती भिजली की आणखी वाढले. एवढे ओझे डोक्यावर घेऊन पिढ्यान् पिढ्या माणसे खाली निवांत झोपत होती.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत जमीन हादरली. सरकारी आकड्यानुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंतींना आतून-बाहेरून बांधणारे काही नव्हते. त्या फुटल्या आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. कित्येक जण दगडाने मेले नाहीत, मातीने गुदमरले. नंतर पाहणी करणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्या घरांत छपराचा भार भिंतींऐवजी लाकडी खांब-तुळयांच्या चौकटीवर होता, म्हणजे ज्याला आपण खणाचे घर म्हणतो, त्यातली बरीच छपरे भिंती ढासळूनही उभी राहिली. ओझे तेच होते, ते कशावर टेकले आहे एवढाच फरक. मला वाटते, गच्चीवर पहिली कुंडी नेण्याआधी प्रत्येकाने हा फरक समजून घ्यावा.

आता पाण्याकडे वळू. त्यासाठी लांब जायला नको, महमूद दरवाजाजवळ खाम नदीच्या काठी जायचे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. पुढे तिचे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. या खडकाळ जागेवर शहर उभे करायचे तर पाणी आणायला हवे होते. अंबरने डोंगरपायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारी नहरीत गोळा केले आणि केवळ उताराच्या बळावर शहरात खेळवले. वाटेत ठिकठिकाणी चुनेगच्ची बंबे उभारले. त्यामुळे नळातली हवा निघून जाई आणि पाण्याचा दाब आटोक्यात राही. पुढच्या शे-दीडशे वर्षांत अशा आणखी नहरी झाल्या. हर्सूलकडून खापरी नळांतून येणारी पाणचक्कीची नहर ही त्यातलीच, पण अंबरच्या नहरीहून वेगळी.

पाणचक्की म्हटले की आपण पाहुण्यांना ती उंचावरून पडणारी धार दाखवतो, पाण्यावर फिरणारे जाते दाखवतो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी त्या जात्यावर धान्य दळले जाई. हे सगळे बांधकाम सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या पूर्वार्धापर्यंत टप्प्याटप्प्याने झाले. पण बहुतेक पाहुणे हौदाच्या काठी फोटो काढून निघून जातात आणि पायाखाली काय आहे हे त्यांना कळतही नाही. मशिदीसमोरचा तो लांबलचक हौद जमिनीत खोदलेला नाही. हौदाचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचे छत आहे! खाली जाडजूड खांबांच्या रांगा आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर तो सगळा जलाशय.

एक घनफूट पाणी २८ किलो. म्हणजे हौदात जितके फूट पाणी, तितके २८ किलो दर चौरस फुटावर, आणि तेही रात्रंदिवस, बाराही महिने. तीनशे वर्षांपूर्वी लोखंडी सळई नव्हती, सिमेंट नव्हते. ज्या कारागिरांनी हे केले त्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत, पण त्यांची पद्धत खांबांत दिसते. खांब जाड घ्यायचे, जवळजवळ घ्यायचे, भार सरळ खाली जमिनीत उतरवायचा आणि चुन्याच्या कामात घाई करायची नाही. वर पाणी असल्यामुळे खालचे दालन भर मे महिन्यातही गार. हौदातले जास्तीचे पाणी खाम नदीत. पाणी कुठून येणार, किती साठणार आणि जास्त झाले तर कुठे जाणार, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बांधण्याआधीच दिलेली आहेत. आपल्या गच्चीवरच्या बागेचा आराखडा करताना मी तर म्हणेन, आधी पाणचक्कीच्या तळघरात अर्धा तास उभे राहावे.

छपरावर मोठी बाग म्हटली की बॅबिलोनच्या झुलत्या बागेचे नाव निघतेच. ती खरोखर बॅबिलोनला होती का, याविषयी आज अभ्यासकांत एकमत नाही. काही जण ती निनेव्हेला होती असे म्हणतात. पण डायोडोरस या ग्रीक लेखकाने तिच्या छताचे जे वर्णन केले आहे ते वाचण्यासारखे आहे. दगडी तुळया, त्यावर डांबरात भिजवलेले बोरू, त्यावर भाजलेल्या विटांचे दोन थर, मग शिशाचे पत्रे, आणि त्यानंतर माती. ओल खाली जाऊ नये म्हणून हा सारा खटाटोप. आजचा कंत्राटदार विटांच्या तुकड्यांचा कोबा करतो, त्यावर रसायनाचा लेप देतो, मग मुळे अडवणारा प्लॅस्टिकचा पडदा, पाणी वाहून जायला खडी, खडीवर कापड आणि शेवटी माती. साहित्य बदलले आहे, क्रम जवळपास तोच आहे.

आपल्या राज्यातले ठळक उदाहरण मुंबईचे. मलबार हिलवरचे फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे लोकांच्या तोंडचे हँगिंग गार्डन, १८८०-८१ च्या सुमारास झाले. सहलीला जाऊन तिथे झुडपांचे कापलेले हत्ती-घोडे आपण सर्वांनी पाहिले असतील. ती बाग टेकडीवर नाही, टेकडीत बांधलेल्या पाण्याच्या जलाशयाच्या छपरावर आहे. माझगावच्या भंडारवाडा जलाशयावरही अशीच बाग आहे, तिला जोसेफ बाप्टिस्टा यांचे नाव दिलेले आहे. दक्षिण मुंबईचे पिण्याचे पाणी खाली, आणि वर मुले खेळताहेत. मात्र सव्वाशे-दीडशे वर्षांनी अशा छपराची डागडुजी करायची झाली, तर काय होते हेही मुंबईने पाहिले. मलबार हिलचा जुना जलाशय पाडून नवा बांधण्याचा महापालिकेचा प्रस्ताव २०२३ मध्ये गाजला. झाडे जाणार म्हणून नागरिक उभे राहिले, तज्ज्ञांच्या समित्या झाल्या आणि पाडण्याऐवजी दुरुस्तीचा विचार पुढे आला. बागेखाली काय आहे याचा लोकांना विसर पडलेला असतो, तो असा अचानक मोडतो.

आपल्या घरांकडे येऊ. ज्या गच्चीवर माणसे ये-जा करतात, तिच्यासाठी भारतीय मानक ८७५ मध्ये चौरस मीटरला १५० किलो भार धरायला सांगितला आहे. चौरस फुटाचा हिशेब केला तर जेमतेम १४ किलो. आणि एक फूट उंचीची ओली माती? चौरस फुटाला ५० किलो! दोनशे लिटरचा पिंप ओल्या मातीने काठोकाठ भरला, तर तो साडेतीनशे किलोंच्या घरात जातो, आणि तो आपण नेमका ठेवतो स्लॅबच्या मधोमध, दिसायला छान म्हणून. त्याची जागा बीमवर, खांबाच्या डोक्यावर. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत हौसेने गच्चीभर माती पसरून हिरवळ केली. पहिल्याच पावसाळ्यात पन्हळीच्या तोंडाशी माती बसली, गच्चीचे तळे झाले आणि वरच्या मजल्यावरच्या तिघांच्या घरांत छताला ओल आली. शेवटी भाद्रपदात माणसे लावून पोत्यांनी माती उतरवावी लागली. किती पोती निघाली ते पाहिल्यावर, ही वर गेलीच कशी, याचे सर्वांना नवल वाटले.

ओझ्याचा हा प्रश्न मुंबईतच एका अर्थतज्ज्ञाने मोठ्या साध्या रीतीने सोडवला. डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्याच्या आपल्या गच्चीवर माती जवळजवळ वापरलीच नाही. रसवंतीवाल्यांकडचे उसाचे चिपाड त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आणि पिंपांत भरले, वर खत-मातीचा थोडा थर दिला आणि त्यात भाज्या-फळे घेतली. चिपाड हलके, ओल धरणारे आणि कुजले की स्वतःच खत होणारे. आपल्या शहरात उन्हाळ्यात चौकाचौकांत रसवंत्या असतात आणि त्यांच्या मागे चिपाडांचे ढीग. पुढे २००२ मध्ये तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या स्वयंपाकातला कचरा वापरून मळा उभा केला. या मंडळींच्या मागे प्रेरणा होती कोल्हापूरकडच्या श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ची. दाभोळकर गणिताचे शिक्षक. पानाला ऊन किती, मुळाला जागा किती, याचा हिशेब मांडून ते शेती शिकवत. गच्चीवरच्या शेतीला गणिती माणूस भेटला, हे फार बरे झाले.

राहिला पाण्याचा हिशेब, आणि आपल्याकडे तोच अवघड आहे. पाणचक्कीच्या हौदात पाणी आपल्या पायाने येत होते. आपल्या गच्चीवर ते मोटर लावून चढवावे लागते. जायकवाडीसारखे धरण जवळ असूनही आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ आल्याचे दिवस या शहराने वर्षानुवर्षे काढले आहेत. अशा गावात पिण्याच्या पाण्यावर हिरवळ पोसणे मला पटत नाही, स्पष्टच सांगतो. आपल्या जुन्या घरांत न्हाणीचे पाणी उताराने परसातल्या केळीला, अळवाला जाई. त्यासाठी वेगळे कष्ट नव्हते. आता केळ वर गेली आणि न्हाणी खाली राहिली. तेव्हा ते पाणी कोणीतरी उचलून न्यायला हवे.

आमच्या गल्लीतल्या एक आजी ते नेतात. डाळ-तांदळाचे धुवण आणि भाज्या धुतलेले पाणी त्या दिवसभर साठवतात आणि सांजच्याला नातवाच्या हाती एक बादली वर पाठवतात. एका बादलीत बारा कुंड्या भागतात, असा त्यांचा अनुभव. तेरावी कुंडी त्यांनी अजून घेतलेली नाही.