घरची शिलाई आणि मापांची वही

दरवर्षी श्रावण लागला की स्मरणिका समितीचा फोन येतो आणि "यंदा रेल्वेवर काहीतरी द्या" असा आग्रह होतो. या वेळी मी म्हटले, रेल्वे पुष्कळ झाली, घरच्या शिवणकामाच्या इतिहासावर लिहितो. पलीकडे क्षणभर कोणी बोलले नाही. मग हळूच विचारणा झाली, "म्हणजे वहिनी लिहिणार आहेत का?" नाही, वाचकहो, मीच लिहितो आहे. मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला, नोकरी रेल्वेत, वय पंचेचाळीस, आणि गेली दोन वर्षे रविवारी सकाळी शिलाई मशीनवर बसणारा माणूस.

त्याला कारण घडले ते असे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत आईचे जुने पायमशीन काढून टाकावे असा विषय निघाला. सराफ्यातली आमची जागा लहान, त्यात मशीनने खिडकी अडवलेली. भंगारवाला आला, बिडाचे पाय हलवून बघितले आणि भाव सांगून मोकळा झाला. आई काही बोलली नाही. तिने मशीनचा खण ओढला, बॉबिन, खडू आणि तेलाची कुपी बाजूला सारून एक जाड वही काढली आणि म्हणाली, "मशीन नेऊ दे त्याला. ही राहू दे."

ती मापांची वही होती. पहिले पान १९७९ सालचे, म्हणजे मशीन घरी आले ते वर्ष, माझ्या जन्माच्या आदले. छाती, कंबर, मुंढा, बाही, उंची असे रकाने पट्टीने आखलेले आणि डाव्या बाजूला "समोरच्या काकूंची धाकटी", "वरच्या मजल्यावरची सून", "मावशींची नात" अशा नोंदी. एकाच मुलीचे फ्रॉकचे माप, मग परकर-पोलक्याचे, मग सलवार-कुडत्याचे, आणि शेवटी लग्नातल्या ब्लाऊजचे. मुलीची उंची इंचाइंचाने वाढत गेलेली. मी भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवले.

तेव्हापासून मला या विषयाचा नाद लागला. आपण इतिहास म्हणजे लढाया आणि सनावळ्या समजतो. घरच्या शिवणाचा इतिहास कोणी सांगत नाही, आणि तो आहे मोठा मजेदार.

मुळात आपल्या जुन्या पोशाखात शिवण कमीच होती. नऊवारी लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे, सगळे यंत्रमागाच्या आधीपासून मागावरून थेट अंगावर. अंगरखे-बंड्यांसाठी शिंपी होते. संत नामदेवांचे घराणे शिंप्याचे, म्हणजे तेराव्या शतकातही हा धंदा होता. लग्नकार्यात घरी शिंपी बसवायची पद्धत आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. बायकांच्या वाट्याला आली ती हातशिलाई. खणाची चोळी घरीच शिवायची. गुळेदगुड्डचा खण तिच्यासाठीच विणलेला, एका खणात एक चोळी. तो घडी घालून असा कापायचा की चिंधीसुद्धा वाया जाऊ नये. फाटल्या लुगड्याला दांड घालायचा. तान्ह्या बाळाला कुंची, टोपडे, झबले. आणि लुगडी अगदीच विरली की थरावर थर लावून धावदोऱ्याने गोधडी. माझी आजी गोधडी घालायची तेव्हा दोऱ्याच्या ओळी रुळांसारख्या समांतर जायच्या. तिला कोणी पट्टी दिली नव्हती.

मशीनची कथा आपल्याकडची नाही, पण इंजिनीयर म्हणून मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रान्समध्ये थिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले. सैन्याचे गणवेश त्यावर शिवले जाऊ लागले, तर पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांच्या जमावाने त्याची यंत्रे फोडून टाकली. त्याच्या यंत्राचा टाका एकाच दोऱ्याच्या साखळीचा होता. सिमेंटच्या गोणीचा दोरा योग्य टोकाने ओढला की सरसर उसवतो ना, तो हाच प्रकार. खरी युक्ती आली १८४६ मध्ये अमेरिकेच्या इलायस होवच्या पेटंटमध्ये. सुईचे नेढे त्याने टोकाजवळ नेले आणि खाली दुसरा दोरा दिला. सुई कापडातून खाली जाते, वर येऊ लागताना दोऱ्याचा छोटा फास मागे राहतो, त्या फासातून खालचा दोरा जातो आणि दोन्ही दोरे कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात. मग एक टाका तुटला तरी सगळी टीप सुटत नाही. वरचा ताण जास्त झाला तर खालचा दोरा वर दिसतो, कमी झाला तर खाली गुंता होतो. तीस वर्षे यंत्रांबरोबर काढली तरी इतके सुबक काम मी थोड्याच ठिकाणी पाहिले आहे.

आयझॅक मेरिट सिंगरने १८५१ मध्ये आपले पेटंट घेतले आणि त्याच्या कंपनीने मशीन हप्त्यावर विकायची पद्धत रूढ केली. (आपल्या घरांत "मेरिट" मशीन होते, ते नाव त्याच्याच मधल्या नावावरून! आम्ही लहानपणी समजायचो की पहिल्या नंबरचे म्हणून मेरिट.) महात्मा गांधींनी यंत्रांवर पुष्कळ टीका केली, पण १९२४ मध्ये एका संवादात त्यांनी सिंगरच्या मशीनला त्यातून वगळले. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने हे यंत्र काढले असे ते म्हणाले. आता सिंगरसाहेबांचे चरित्र वाचले तर त्यांची एकापेक्षा अधिक बिऱ्हाडे होती आणि ओढा पैशाकडे होता असे दिसते. तरी मशीनविषयीचा गांधीजींचा निवाडा मला पटतो.

भारतात सिंगरचा कारभार मुंबईहून नसरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी दीर्घकाळ पाहिला. ज्या देशात निम्मा पोशाख न शिवताच नेसतात तिथे शिलाई मशीन विकायचे, म्हणजे केवढे अवघड! पण ब्लाऊज, परकर, मुलांचे सदरे-चड्ड्या आल्या आणि गणित बदलले. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनीयरिंग वर्क्सने "उषा" बाजारात आणली आणि स्वातंत्र्यानंतर ती मध्यमवर्गाच्या घरात शिरली. मुलीच्या लग्नात भांड्यांबरोबर मशीन देण्याची चाल पडली ती त्यानंतर.

आपल्या जबलपूरचा शिलाईशी संबंध आणखी जुना आहे. १८३० च्या दशकात स्लीमनच्या काळात येथे "स्कूल ऑफ इंडस्ट्री" निघाले. माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची मुले तिथे सतरंज्या, गालिचे विणत आणि तंबू शिवत. मार्च १८७० मध्ये मुंबईकडची जी.आय.पी. आणि कलकत्त्याकडची ईस्ट इंडियन अशा दोन्ही रेल्वे इथे जोडल्या गेल्या आणि मुंबईचा माल थेट येऊ लागला. पुढे १९०४ मध्ये तोफगाडी कारखाना सुरू झाला. रेल्वे आणि कारखान्यांच्या नोकऱ्यांमुळे आपल्यापैकी कितीतरी घराणी इथली झाली. आज जबलपूरचे तयार सलवार-सूट लांबलांबच्या बाजारात जातात. या सगळ्यात घरातल्या मशीनचा उल्लेख मात्र कुठेच नाही.

आता जरा अवघड भागाकडे येतो.

महाराष्ट्रात बायकांना शिवण शिकवण्याची सोय आधी झाली ती निराधार स्त्रियांसाठी. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात शिवण-विणकाम होते. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात शिवणाचे वर्ग होते. हेतू स्पष्ट होता, बाईने चार पैसे मिळवून आपल्या पायावर उभे राहावे. पण याचा एक उलटा परिणाम आपल्यासारख्या पांढरपेशा घरांत झाला असे मला वाटते. पैशासाठी शिवते ती अडचणीतली, असे समीकरण बसले. नवरा कमावता असेल तर बाईचे शिवण म्हणजे "हौस". शब्द गोड आहे, पण त्या शब्दाने किती कष्ट फुकटात गेले!

आमच्याच घरचे सांगतो. १९८४-८५ च्या सुमारास बाजारातल्या एका दुकानदाराने आईला परकर-ब्लाऊज शिवून देण्याचे काम देऊ केले होते. बाबा कारखान्यात नोकरीला होते, घर खाऊनपिऊन सुखी. त्यांनी नाही म्हटले. "माझी बायको लोकांचे कपडे शिवणार?" असे काहीसे बोलणे झाले म्हणे. बाबा वाईट नव्हते, त्या काळच्या बहुतेक बाबांसारखे होते. गंमत अशी की लोकांचे कपडे आई शिवतच होती, फक्त फुकट. वहीत त्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या महिन्यात एकतीस नोंदी आहेत. मोबदला म्हणजे नारळ, ओटी आणि त्यात ब्लाऊजपीस. (ते ब्लाऊजपीस कोणी शिवत नाही, या घरून त्या घरी फिरत राहतात, हे आपण सगळेच जाणतो.) त्या दिवसांत आम्ही जेवून झोपायचो तरी मशीनचा आवाज चालू असायचा. खाली सराफांच्या हातोड्या कधीच थांबलेल्या असायच्या. त्यांना मजुरी होती.

वही हातात घेऊन मी आईला विचारले, तुला तेव्हा राग नाही आला? ती म्हणाली, "आला होता ना. दोन दिवस मशीन उघडले नाही. मग तूच शाळेच्या नाटकासाठी मावळ्याचा अंगरखा मागितलास." थोड्या वेळाने म्हणाली, "पण मला आवडायचं रे ते. कापड कापायच्या आधी पसरून बघत बसायचं, तेवढा वेळ माझा असायचा."

हे ऐकल्यापासून मी गोंधळलो आहे. हौस हा शब्द खोटा म्हणावा तर तिचा आनंद खोटा ठरतो. खरा म्हणावा तर बाबांचे म्हणणे बरोबर ठरते. दोन्ही मला मान्य नाही.

मशीन मी दुरुस्त केले. पट्टा बदलला, जुने घट्ट झालेले तेल रॉकेलने धुऊन काढले, दातांमध्ये अडकलेला वर्षानुवर्षांचा कापसाचा भुगा उपसला, बॉबिन केस नवी घातली. चालू झाले तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग मी उशीचा अभ्रा शिवला, तो वाकडा झाला. दुसरा बरा. पायजमा जमला. ब्लाऊजचा मुंढा अजून जमलेला नाही आणि त्याबद्दल घरात बोलायचे नाही असे ठरले आहे. ऑफिसात "मास्टरजी" हे नाव पडले आहे, आणि ते ठेवणारेच पॅन्टची उंची कमी करायला घेऊन येतात. मी करून देतो, मला मजा येते. पण एक फरक मला स्पष्ट दिसतो. माझ्याकडून कोणी अपेक्षा धरत नाही. नाही शिवले तर कोणाची दिवाळी अडत नाही, आणि जरा नीट शिवले तर चारचौघांत कौतुक होते. आईच्या एकतीस कपड्यांचे असे कौतुक झाल्याचे मला आठवत नाही. वहीत तिचे स्वतःचे मापही नाही. विचारले तर हसली. "जुने ब्लाऊज कापडावर ठेवायचे आणि कापायचे, स्वतःला कशाला मोजत बसू?"

आपल्या मंडळाच्या नाटकांचे पडदे, मुलांचे अंगरखे, गौरींच्या साड्यांचे काठ, हे कोणकोणत्या घरांत शिवले गेले याची यादी करावी असे मनात आहे. आपल्याकडे जुनी मापांची वही, हप्त्याची पावती, मशीनचे गॅरंटी कार्ड असे काही असेल तर टाकून देऊ नका. आरतीनंतर मी मंडपातच असतो, दाखवायला आणा.

यंदा मखराच्या मागचा पडदा मी शिवतो आहे. परवा एक बाजू पूर्ण करून आईला दाखवली. तिने चष्मा लावला, टीप बोटाने चाचपली आणि खणातून कात्री काढून अर्धी उसवून माझ्या हातात दिली. तेवढी आज रात्री पुन्हा मारायची आहे.