खुंटीवरचा लंगोट

कोल्हापुरातील एखाद्या जुन्या तालमीत पहाटे चार-साडेचारला पाऊल टाकले, म्हणजे प्रथम डोळ्यांना काही दिसत नाही; नाकाला मात्र लगेच कळते की काव, ताक, लिंबू, हळद आणि तेल पाजून मुरवलेल्या तांबड्या मातीचा तो ओलसर, किंचित आंबूस वास आपल्याआधी तेथे घाम गाळून गेलेल्या अनेक पिढ्यांचा आहे. मग कोनाड्यातला शेंदूर फासलेला मारुती दिसू लागतो, हौद्याच्या कडेला उभी केलेली खोरी दिसतात, आणि शेवटी भिंतीत ओळीने ठोकलेल्या खुंट्या दिसतात. त्या खुंट्यांवर लंगोट वाळत असतात. त्यांतले बहुतेक उद्या पुन्हा नेसले जातील. पण मल्लाच्या आयुष्यात एक दिवस असा येतो की, त्या दिवशी खुंटीला लावलेला लंगोट खाली निघत नाही.

मल्लविद्येच्या इतिहासकारांनी या दिवसापर्यंतचा वृत्तांत मोठ्या रसिकतेने लिहिलेला आहे. कोणी कोणाला किती मिनिटांत चितपट केले, कोणाला कोणत्या दरबारातून चांदीची गदा मिळाली, कोणाच्या मिरवणुकीला किती हत्ती होते, याची बित्तंबातमी आपल्या संग्रही असते. परंतु मल्ल पस्तिशीत मातीतून बाहेर येतो आणि पुढे, आयुष्य असल्यास, आणखी तीस-पस्तीस वर्षे तेच शरीर वागवतो, त्या उत्तरकांडाकडे कोणी फिरकत नाही. मला स्वतःला ते उत्तरकांडच अधिक मनोरंजक वाटते.

तालमीची शिस्त ही चढत्या आकड्याची शिस्त आहे. पोर प्रथम आले की वस्ताद त्याला हौदा उकरायला लावतो, मग थोडे जोर, थोड्या बैठका. महिन्यामागून महिने आकडा वाढत जातो, सपाट्या येतात, लढती येतात, आणि आकड्याबरोबरच खुराक वाढतो. दूध, तूप, बदामाची थंडाई, मांसाहारी असेल तर मटणाचा रस्सा, हे सर्व त्या मेहनतीच्या हिशेबाने ठरवलेले असते. गामा पैलवानाच्या नावावर रोजच्या पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर सांगितले जातात; तो आकडा खरा असो वा भक्तांनी फुगवलेला असो, तो सांगितला जातो हेच महत्त्वाचे, कारण तालमीत माणसाची ओळख आकड्यानेच होते. ‘हा हजारी बैठक मारणारा’ असे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. उतरता आकडा मात्र कोणी शिकवीत नाही. मेहनत अर्ध्यावर कशी आणावी, खुराक पाव हिश्शावर कसा आणावा, गुडघ्याने कुरकुर सुरू केली म्हणजे काय वगळावे, याचा पाठ पूर्वीच्या तालमीच्या अभ्यासक्रमात नव्हता. आणि नसण्याला कारणही होते.

ते कारण राजाश्रय. शाहू महाराज स्वतः तालमीत घडलेले; १९०२ साली विलायतेच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले आणि त्या आठवणीतून १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले, ज्याच्या खोलगट रचनेमुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही हौद्यातला डाव दिसतो. पंजाबपासून मल्ल कोल्हापुरास आले, गल्लोगल्ली तालमी उभ्या राहिल्या, आणि ज्याला हुजुरातून शिधा आणि रोजमुरा मिळे त्याला कुस्तीखेरीज दुसरे कर्तव्य नसे. असा मल्ल वयस्क झाला तरी तालमीतच राही. तो वस्ताद होई. वस्ताद पहाटे उठतच असे, पोरांबरोबर चार जोर काढीतच असे, हौद्यात उतरून डाव दाखवताना त्याच्या अंगाला माती लागतच असे. म्हणजे उतरत्या मेहनतीची व्यवस्था होती, फक्त तिला कोणी व्यवस्था म्हणत नव्हते. (महाराजांची उत्तरवयातली छायाचित्रे पाहिली, तर राज्याचा डोलारा सांभाळणाऱ्या माणसाला ही सवड कशी मिळत नाही तेही दिसून येते. ते अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, १९२२ च्या मे महिन्यात गेले.)

१९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले आणि शिध्याचे दप्तर मिटले. जनता कुस्तीवेडी होती ती तशीच राहिली, मैदाने भरत राहिली. पण पैलवानाला आता पोटासाठी नोकरी धरणे प्राप्त झाले. कोणी पोलिसात गेला, कोणी एस. टी.त, कोणी साखर कारखान्यात, कोणी म्युनिसिपालटीत. अकरा ते पाच खुर्चीवर बसणारा पैलवान हा प्राणी महाराष्ट्राच्या इतिहासात बहुधा प्रथमच मोठ्या संख्येने अवतरला, आणि त्याच्याबरोबर ‘सुटलेला पैलवान’ ही चेष्टाही अवतरली. लोक म्हणतात, कमावलेल्या पिळाची चरबी होते. शरीरशास्त्राला हे मान्य नाही. स्नायू आणि मेद या दोन भिन्न वस्तू. एकीची दुसरी कधी होत नाही. काम थांबल्यामुळे स्नायू आकसतो, खाणे न थांबल्यामुळे मेद साठतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच कातडीखाली एकाच वेळी घडत असल्यामुळे पाहणाऱ्याला ते रूपांतर वाटते, इतकेच. मेहनत गेली तरी भूक मागे राहते, आणि जिने लेकाला बदाम वाटून दिले ती आई तर ताटातला तुपाचा वाटा कमी करीलच कसा?

या नोकरदार पैलवानाला लागणारी वस्तू त्याच्या जन्माआधीच, कोल्हापुरापासून फार दूर नसलेल्या एका चिमुकल्या संस्थानात तयार झालेली होती. बहात्तर गावांच्या औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे मल्ल नव्हते. ते पदवीधर होते, चित्रकार होते, कीर्तनकार होते, महाभारताच्या संशोधित आवृत्तीचे आश्रयदाते होते, आणि या सर्वांवर राज्यकर्ते होते. म्हणजे वेळ नसणाऱ्या माणसाचे उत्तम उदाहरण. १८९७ च्या सुमारास त्यांनी विलायतेतील सुप्रसिद्ध बलोपासक युजेन सँडो याची पुस्तके आणि सारी उपकरणे मागवली आणि पुरी दहा वर्षे त्याच्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून त्यांनी सूर्यनमस्कारांचा नेम धरला, आणि डंबेल्स बाजूला पडली ती कायमचीच. सँडो आणि भवानराव यांच्या जन्मात एका वर्षाचे अंतर. सँडो १९२५ साली गेला, राजेसाहेब १९५१ पर्यंत जगले. यावरून कोणी सिद्धान्त काढू नये. पण औंधात तो काढला जात नसेल, असे मला वाटत नाही.

सूर्यनमस्कार आपल्याकडे पुरातन. समर्थ रामदासांशी त्याचे नाव परंपरा जोडते, आणि मित्र, रवी, सूर्य, भानू अशा बारा नावांनी व बीजमंत्रांनी तो उपासनेचाच भाग होता. राजेसाहेबांनी केले ते निराळे. त्यांनी त्याची अंगस्थिती मोजून मांडली, श्वास कोठे घ्यावा आणि कोठे सोडावा ते निश्चित केले, वयाप्रमाणे संख्या ठरवून दिली, शाळांतून तो सक्तीचा केला, आणि पुस्तके लिहून सर्व जगाला सांगितला. लुईज मॉर्गन यांनी संपादित केलेले त्यांचे ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक १९३८ साली लंडनहून प्रसिद्ध झाले. माझे एक अनुमान आहे आणि ते अनुमान म्हणूनच घ्यावे. सँडोच्या १८९७ च्या पुस्तकात वयवारीने तक्ते दिलेले होते: अमुक वयाच्या माणसाने अमुक वजनाचे डंबेल अमुक वेळा उचलावे आणि अमुक दिवसांनी संख्या इतकी वाढवावी. उपकरणे राजेसाहेबांनी टाकून दिली. परंतु दहा वर्षे ज्या तक्त्याकडे बघून व्यायाम केला तो तक्ता त्यांनी टाकला नाही. त्यांनी तो सूर्यदेवाच्या हवाली केला. आपल्याकडील उपासनेला जपमाळेचा आकडा ठाऊक होता आणि तालमीला फुशारकीचा. वयाकडे बघून बांधलेला आणि रोजच्या नेमाला जखडलेला आकडा, ज्याला आज आपण आरोग्याचा कार्यक्रम म्हणू, तो या वाटेने मराठी घरात आला असावा. त्याला हौदा लागत नाही, जोडीदार लागत नाही, पंखा आणि कपाट यांच्यामधली सहा फूट जमीन पुरते, आणि कचेरीची वेळ चुकत नाही.

ज्याला याचा उपयोग सर्वांत जास्त व्हावा त्याच्याच गळी तो सर्वांत कठीण उतरतो. खाशाबा जाधवांचे आयुष्य पाहावे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे पुरेनात, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि बँटम वजनात कांस्यपदक मिळवून खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने तिसऱ्या ऑलिंपिकची वाट बंद केली. पण खात्यातल्या स्पर्धा ते जिंकीत राहिले आणि कुस्तीचे प्रशिक्षकही झाले; म्हणजे सरकारी गणवेशातली वस्तादकी त्यांच्या वाट्याला आली. ज्यांच्या नशिबी ती नसते, त्यांचे काय होते ते मी आमच्या गल्लीत पाहिलेले आहे.

ते गृहस्थ जकात नाक्यावर कारकून होते. दोन्ही कान मोडलेले, त्यामुळे नवख्यालाही त्यांचा पूर्वेतिहास विचारावा लागत नसे; ऐन उमेदीत जिल्ह्यातल्या नामांकित मैदानांत त्यांच्या जोड्या लागत. चव्वेचाळिसाव्या वर्षी दोन जिने चढताना ते कठड्याला धरून उभे राहिले, आणि डॉक्टरांनी वजन, रक्तदाब आणि गुडघे या तिन्हींची कानउघाडणी एकाच बैठकीत केली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते थेट तालमीत गेले आणि जुन्या सवयीने पाचशे बैठकांचा संकल्प सोडून बसले. एकशे ऐंशीव्या बैठकेला उजवा गुडघा असा सुजला की त्यांना सायकलच्या कॅरिअरवर घालून घरी आणावे लागले. म्हातारे वस्ताद संध्याकाळी समाचाराला आले, सूज दाबून पाहिली, आणि एवढेच बोलले: “आकडा इसर आधी. मग तालमीत ये.”

आकडा विसरणे हे पैलवानाला नाव विसरण्यासारखे. तीन महिने ते कोठेच गेले नाहीत. मग वस्तादांनीच त्यांना सूर्यनमस्कार घालायला सांगितले, ज्याला ते तोवर शाळेतल्या पोरांचा आणि भटजींचा व्यायाम म्हणून हसत असत. पहिल्या पंधरवड्यात रोज सहा. सोमवारी एक वाढवायचा, पण गुडघा किंवा श्वास तक्रार करील त्या सोमवारी वाढवायचा नाही. रात्रीची भाकरी तीनवरून दीडवर. तूप फक्त सणाला. यावरून घरात जे महाभारत झाले त्याचे वर्णन येथे करीत नाही. नाक्यावर जायला सायकल बंद, पायी जायचे, आणि वाटेत रंकाळ्याचा काठ लागत असल्यामुळे तेवढे त्यांना शिक्षा वाटत नसे.

मोजण्यात गल्लत होऊ नये म्हणून त्यांनी चिंचोके वापरले. डाव्या हाताला डालड्याचा एक डबा, उजव्या हाताला दुसरा. प्रत्येक नमस्कारानंतर एक चिंचोका इकडून तिकडे. मला त्याचे फार नवल वाटे, कारण हजाराच्या बैठका या माणसाने कधी काळी केवळ तोंडाने मोजलेल्या. एकदा विचारले, तर म्हणाले की तोंडाने मोजू लागलो तर जीभ जुन्या आकड्याकडे ओढते, डब्यात असतील तेवढेच संपतात. दीड वर्षात त्यांचे वजन बावीस किलोने उतरले. जुना पीळ परत आला नाही, छाती पूर्वीची झाली नाही, आणि गुडघा पावसाळ्यात दुखतच राहिला; पण जिन्यावर कठडा धरणे थांबले, आणि रविवारी ते पुन्हा तालमीत दिसू लागले, हौद्याबाहेर, कट्ट्यावर, पोरांचे जोर मोजत. पोरे आकडा चढवू लागली की यांचा आवाज आपोआप मोठा होई, आणि मग ते ओशाळून रंकाळ्याकडे चालू लागत.

ते गेल्यावर त्यांच्या मुलाने माळ्यावरचे सामान काढले, त्यात ते दोन डबे निघाले. मी सहज मोजले. अठ्ठेचाळीस चिंचोके होते. मुलगा म्हणाला, शेवटच्या अकरा वर्षांत त्यांनी त्यात एकही वाढू दिला नव्हता.